हवेचा कारकून

नागपूरच्या महालात मोटार बाळगणं याला घरचे सोय म्हणतात, मित्र हौस म्हणतात आणि शेजारी माज म्हणतात. भोसल्यांनी इथे राजधानी थाटली तेव्हा या गल्ल्यांतून घोडे जात असतील, मेणे जात असतील. घोड्याला पार्किंग लागत नाही आणि मेण्यातल्या माणसाला कोणी ‘भाऊ, आरसा दुमडून घ्या जरा’ असं म्हणत नाही. त्यामुळे गल्ल्यांची रुंदी त्या काळी कोणाला खटकली नसावी. आमच्या घरापासून बडकस चौक पायी चार मिनिटांवर आहे आणि मोटारीने बारा मिनिटांवर.

तरीही मी मोटार घेतली. तीही आधीच्या मालकाने आठ वर्षं वापरून कंटाळलेली. कारण आई. आईला दमा आहे आणि दमा हा नेमका रात्री दीड वाजता येणारा पाहुणा आहे. त्या वेळी रिक्षा मिळत नाही. मिळाली तर रिक्षावाल्याला डॉक्टरांचं घर माहीत नसतं.

आई सकाळी देवाला हात जोडायच्या आधी एका प्लास्टिकच्या नळीत जोराने फुंकते. नळीवरचा काटा सरकतो आणि श्वासाचा जोर मिनिटाला किती लिटर ते दाखवतो. ती स्वयंपाकघरातून ओरडते, “दोनशे चाळीस!” आणि मी दाढीचा साबण तसाच ठेवून वहीत लिहितो, दोनशे चाळीस. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडा कानावर पडला की तो कुठेतरी लिहावासा वाटतो. तीन महिन्यांचा हा हिशोब माझ्याकडे तारीखवार होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

तर अशी ही मोटार दिवाळीनंतर उचक्या देऊ लागली. सुरू होई, गुरगुरे, पण अॅक्सिलरेटर दाबला की पुढे जाण्याऐवजी विचारात पडे. कर्जाच्या अर्जावर मॅनेजरने पाहावं तसं माझ्याकडे पाही आणि मग एकदम झटका देऊन निघे. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवाही लागला. मी तो दोन दिवस शोभेचा समजलो.

महालात आजार माणसाचा असो की मोटारीचा, निदान फुकट मिळतं. समोरचे काकाजी म्हणाले, “पेट्रोलमधे भेसळ आहे.” काकाजींना दुधापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे भेसळच दिसते. इस्त्रीवाला म्हणाला, “लिंबू-मिरची वाळून गेली साहेब, बदलून पाहा.” हिचं मत सगळ्यांत व्यवहारी होतं. “विकून टाका.” आईने खिडकीतून गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणाली, “अरे, हिलाही दमाच दिसतो.”

सगळे हसले. निदान मात्र तिचंच बरोबर होतं, हे कळायला मला दीड महिना आणि बरेच पैसे लागले.

आमचे मिस्त्री शुक्रवारी तलावाच्या बाजूला बसतात. वय साठीच्या पुढे. त्यांचं शिक्षण प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडर या दोन विद्यापीठांत झालेलं. इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. ही समाधी लागली की गिऱ्हाइकाने बोलायचं नाही. डोळे उघडून ते म्हणाले, “साहेब, इंजिन चांगलं आहे. पण उपाशी राहून राहिलं.”

“पेट्रोल तर टाकी भरून आहे.”

“टाकी भरून असन. घास कमी येऊन राहिला.”

मग प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. पंप उतरवून साफ केला. कॉइल बदलली. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी दोन दिवस सज्जनासारखी वागे आणि तिसऱ्या दिवशी बडकस चौकात, बरोबर मधोमध, पुन्हा विचारात पडे.

शेवटी मिस्त्रींच्या मुलाने, बाप चहाला गेलेला पाहून, स्टिअरिंगच्या खालच्या खोबणीत काडेपेटीएवढा एक डबा खोचला आणि मोबाइलवर वाचून दाखवलं, “पी शून्य एकशे एक. पी शून्य एकशे एकाहत्तर.” मला वाटलं टोकन नंबर पुकारतोय. तो म्हणाला, “काका, पहिला कोड हवा मोजायच्या सेन्सरचा आहे. दुसरा म्हणते, पेट्रोल कमी, हवा जास्त.”

“हवा मोजायची? ती कशाला?”

हा प्रश्न मी अज्ञानाने विचारला, पण त्याच्या उत्तरासाठी सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. वाचकांनी घाबरू नये. मी कॉमर्सचा माणूस आहे. मला जेवढा समजला तेवढाच सांगणार आहे.

पेट्रोल एकटं जळत नाही. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला नऊ ते दहा हजार लिटर हवा. म्हणजे आपण पंपावर पैसे मोजतो ते जमाखर्चाच्या एका अगदी छोट्या रकमेचे. मोठी रकम फुकट येते. आणि जी वस्तू फुकट येते तिचा हिशोब कोणी ठेवत नाही, हा जगाचा नियम आहे. मोटारवाल्यांनीही पाऊणशे वर्षं तो ठेवला नाही.

सुरुवातीला तर हिशोबाचा प्रश्नच नव्हता. गाडी चालली हेच नवल. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत कार्ल बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला माहेरी गेली. वाटेत इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. मोटारीचा बिघाड रस्त्यात शोधून दुरुस्त करण्याचा हा पहिला प्रसिद्ध प्रसंग आणि तो एका बाईच्या नावावर आहे. ही हकिकत मी घरी सांगण्याची चूक केली. ही म्हणाली, “आणि तुम्ही दीड महिना मिस्त्रीकडे चहा पिऊन राहिले.”

पुढे १८९३ च्या सुमारास फवारा उडवणारे कार्बुरेटर आले. एक जर्मनीत विल्हेल्म मायबाखचा, दुसरा हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीचा. नळीचा गळा आवळला की तिथून जाणारी हवा वेग घेते, तिचा दाब घटतो आणि शेजारच्या बारीक छिद्रातलं पेट्रोल आपोआप खेचलं जातं. आवळलेल्या गळ्याची ही किमया व्हेंतुरी नावाच्या इटालियन प्राध्यापकाने १७९७ मध्येच लिहून ठेवली होती. म्हणजे हवा स्वतःच येताना आपल्यापुरतं पेट्रोल घेऊन येई. मोजणारा कोणी नाही, लिहिणारा कोणी नाही. आपल्या आया आमटीत मीठ घालतात तसा सगळा हाताचा अंदाज.

या अंदाजावर जग चाललं आणि आपला देशही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कारखान्याची पद्मिनी असो की हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर, गाडी थंडीत सुरू करताना चोक ओढायचा, म्हणजे हवेचं तोंड दाबायचं. आमच्या वडिलांची स्कूटर तर आडवी कलती केल्याशिवाय बोलत नसे. पहाटे गल्लीतले सगळे कर्ते पुरुष आपापल्या स्कूटरी वाकवून उभे राहत, तेव्हा सामुदायिक सूर्यनमस्कार चालल्याचा भास होई. पण मिस्त्रींसारख्या माणसांचं ते सुवर्णयुग होतं. कार्बुरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. इंजिन सुरात आलं की नाही ते सांगणारं एकच यंत्र होतं आणि ते त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना होतं.

मग हिशोब मागितला कोणी? ज्याच्या घरात धूर गेला त्याने. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या जुलैत इतका दाट, डोळे झोंबवणारा धूर उतरला की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्यासारखं वाटलं. तेव्हा महायुद्ध चालू होतं. शत्रू घरातलाच निघाला. हागेन-स्मिट नावाचे एक शास्त्रज्ञ तिथे अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. त्यांनी अननस बाजूला ठेवून त्या हवेचा अभ्यास केला आणि १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिलं की मोटारींचा आणि तेलशुद्धी कारखान्यांचा धूर उन्हात शिजून हे विष तयार होतं. अननसवाल्याने मोटारवाल्यांचं पितळ उघडं पाडलं. १९७० मध्ये अमेरिकेने हवेचा कडक कायदा केला. धूर कमी करायचा तर पेट्रोल मोजून द्यायला हवं आणि पेट्रोल मोजायचं तर आधी हवा मोजायला हवी.

इथे माझ्या जातीचा प्राणी मोटारीत शिरला. कारकून.

जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं. बॉश म्हणजे आपल्या नाशिकच्या ‘मायको’ची जर्मन आई. ते यंत्र हवा प्रत्यक्ष मोजत नसे. नळीतला दाब पाहून किती हवा आली असेल ते ताडत असे. आजही कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांत असंच ताडतात. १९७३ च्या सुमारास त्याच कंपनीने हवेच्या वाटेत एक फडकं बसवलं. फडकं म्हणजे कापडाचं नव्हे, दाराला असतं तसं. हवा ढकलेल तितकं ते उघडायचं आणि किती उघडलं त्यावरून हवा किती गेली ते कळायचं.

पण यात एक गोम होती आणि ती नागपूरकराला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा आठावर असतो आणि मेमध्ये पंचेचाळीसावर. मेमधली हवा जानेवारीपेक्षा सुमारे बारा टक्के हलकी असते. डबा तेवढाच, माल कमी. फडकं डबे मोजायचं, वजन नाही. शेजारी थर्मामीटर ठेवून बेरीज-वजाबाकी करावी लागे.

वजनच सांगणारा कारकून १९८१-८२ च्या सुमारास आला. त्याचं मूळ त्याहून जुनं आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात एल. व्ही. किंग नावाच्या प्राध्यापकांनी १९१४ मध्ये तापलेल्या बारीक तारेवरून हवा गेली की ती तार किती उष्णता गमावते याचं गणित मांडलं. हे गणित आपण रोज बशीतल्या चहावर करतो. हळू फुंकलं तर चहा हळू निवतो, जोरात फुंकलं तर लवकर. आता कल्पना करा की चहा निवूच द्यायचा नाही असं ठरवून कोणी बशीखाली शेगडी ठेवली, तर शेगडीला किती कोळसा लागला त्यावरून तुम्ही किती जोरात फुंकलं ते सांगता येईल. मोटारीत चहाच्या जागी केसाइतकी प्लॅटिनमची तार असते आणि कोळशाच्या जागी वीज. तार गरम ठेवायला जितकी वीज लागली, तितकी हवा आत गेली. जड हवा जास्त निववते, हलकी कमी. त्यामुळे वजन आपोआप कळतं. त्या जुन्या यंत्रात इंजिन बंद झालं की तार क्षणभर हजारेक अंशांपर्यंत तापून अंगावरची घाण जाळून टाकी. दिवसभराची धूळ कचेरीतच जाळून घरी जाणारा असा कारकून मी दुसरा पाहिलेला नाही.

हा कारकून भारतात कायद्याच्या मागोमाग आला. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या वाहनांच्या धुरावरून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यातच २९ एप्रिल १९९९ रोजी आदेश झाला की राजधानी परिसरात खासगी मोटारींना १ जून १९९९ पासून ‘युरो एक’ आणि १ एप्रिल २००० पासून ‘युरो दोन’ ही धुराची मर्यादा पाळावी लागेल. ‘युरो एक’च्या तोडीची मर्यादा १ एप्रिल २००० पासून देशभर लागू झाली. कार्बुरेटरचा हातचा अंदाज तिथून मागे पडू लागला. मी तेव्हा कॉलेजात होतो. नव्या गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी चिन्हं झळकू लागली. आम्हाला ती एखादी परदेशी पदवी वाटे.

या कथेत आपल्या गावाचाही एक मान आहे. याच मेहतांनी ताजमहालासाठीही खटला लढवला होता. ताजच्या संगमरवराला हवेतून काय बाधतं याचा अहवाल १९९० मध्ये दिला तो नागपूरच्या ‘नीरी’ने. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून निघाली आणि १९७४ मध्ये जिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळालं, तीच ही. ‘नीरी’च्या अहवालांचा आधार घेऊन न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातल्या २९२ कारखान्यांना कोळसा सोडा नाहीतर जागा सोडा असं फर्मावलं. आग्र्याच्या महालाची हवा नागपूरने मोजली. नागपूरच्या महालाची हवा मात्र रोज सकाळी आमची आई एकटी मोजत होती.

असो. मुद्दा सेन्सरचा. मुलाने मला परीक्षा करून दाखवली. इंजिन चालू ठेवून त्याने सेन्सरची वायर काढली आणि नवल म्हणजे गाडी सुधारली!

“असं कसं? कारकून काढला तर काम सुधारलं?”

“वायर काढली का काँप्युटरला समजते, आता आकडा येणार नाही. मग तो आपला ठरलेला अंदाज वापरते. पण सेन्सर लावलेला असन आन् चुकीचा आकडा देत असन, तर काँप्युटर त्याला खरंच समजते. हवा आली दहा, हा म्हणते सात. पेट्रोल मिळते साताचं.”

हे वाक्य माझ्या मनात बसलं. बँकेतही नेमकं असंच असतं. गैरहजर माणसाचं काम कोणीतरी करून टाकतो. हजर राहून चुकीचा आकडा देणाऱ्याने दिवस बुडतो.

चुकीचा आकडा का देत होता, तेही निघालं. दोष माझाच. स्कूटरच्या काळात एअर फिल्टरचा स्पंज धुऊन तेलात बुडवून पिळायचा, म्हणजे धूळ चिकटते, असं वडिलांनी शिकवलं होतं. मी ती विद्या मोटारीच्या कागदी फिल्टरवर दिवाळीच्या सफाईत चालवली. तेलाचे कण उडून सेन्सरवर बसले, त्यांवर महालाची धूळ बसली आणि आमचा कारकून रजई पांघरून मोजू लागला. रजईतल्या माणसाला वारा कमीच लागणार.

मुलगा म्हणाला, “याचा स्प्रे मिळते. नुसता मारायचा, वाळू द्यायचा. हात लावायचा नाही.” स्प्रे दुसऱ्या दिवशी मिळणार होता. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबेल तो गृहस्थ कसला? मी रात्री दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर घेतला. बारीक तारांवर साबुदाण्यापेक्षा लहान मणी होते. मी काडीला कापूस गुंडाळला आणि तान्ह्या बाळाचा कान साफ करावा तितक्या मायेने तो मणी पुसला. मणी कापसाबरोबर आला.

नवा सेन्सर साडेसहा हजारांचा. बाराशेला मिळणाराही एक होता. तोच आधी घेतला, तो चार दिवस टिकला आणि मग साडेसहा हजार पुन्हा उभे राहिले. म्हणजे मी बाराशे वाचवायला गेलो नव्हतो, बाराशे जास्त द्यायला गेलो होतो. नवा बसला. गाडी पळाली. पण पिवळा दिवा दोन दिवसांनी परत आला. ‘एकशे एक’ गेला होता, ‘एकशे एकाहत्तर’ राहिला होता. मी म्हटलं, एवढासा दिवा, राहू दे. लेजरमध्ये चार आण्यांचा फरक राहिला तर रात्री नऊपर्यंत बसणारा मी माणूस. पण गाडी घरची होती.

डिसेंबरात रात्री दीड वाजता आईने भिंतीवर टकटक केली. बोलता येत नव्हतं. पंप दोनदा ओढून झाला होता. तिला गाडीत बसवली आणि निघालो. बडकस चौकात गाडीने उचकी दिली आणि बंद पडली. किल्ली फिरवतो, गुरगुरते, बंद. मागच्या सीटवर आईचा श्वास शिटीसारखा वाजत होता, पुढे इंजिन धापा टाकत होतं आणि दोघींच्या मध्ये मी, सगळे आकडे तारीखवार लिहून ठेवणारा. शेवटी रात्रपाळीहून परतणारी दोन पोरं मोटारसायकलवरून चाललेली दिसली. एकाने आईला मधे बसवलं, दुसरा मागे धरून बसला. मी त्यांच्यामागे स्वेटर घालून धावलो. महालात माझ्या धावण्याचा वेग मोटारीपेक्षा जास्त आहे, हे त्या रात्री सिद्ध झालं.

डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला. तासाभराने ती बोलण्याजोगी झाली, तेव्हा मी खिशातून वही काढली. “डॉक्टरसाहेब, आजार एकदम कसा वाढला? आकडा तर रोज दोनशे चाळीस आहे.”

त्यांनी वही पाहिली. आईला नळी दिली. “फुंका आजी.”

काटा एकशे चाळीसला थांबला.

“आत्ता सुधारल्यावर हा आकडा आहे,” डॉक्टर म्हणाले. “सकाळी दोनशे चाळीस कसा असेल?”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “अरे, तो खाली आला की तुझा चेहरा उतरतो. तुला बँकेत जायचं असतं.”

तीन महिन्यांच्या वहीत एकही बेरीज चुकली नव्हती. फक्त आकडे खोटे होते. पावती कोणाची आणि कशी आली हे न पाहता मी नोंदी केल्या होत्या. गाडीच्या काँप्युटरला मी मूर्ख म्हणालो होतो. त्याला निदान कापसाने कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली. मुलाने डबा लावला; तोच कोड. तो म्हणाला, सेन्सर परत बदलू. मिस्त्रींनी त्याला हाताने बाजूला सारलं, स्क्रूड्रायव्हर काढला, पण इंजिनाला लावला नाही. नुसते वाकून उभे राहिले. मग सेन्सर आणि इंजिन यांच्यामधली जाड रबरी नळी दोन्ही हातांनी मुरगळली. तिच्या चुणीत खालच्या अंगाला बोटभर चीर होती.

“ऐका साहेब. शिटी ऐकू येते? हवा इथून चोरून येऊन राहिली. सेन्सर बिचारा त्याच्या दारातून गेली तेवढीच मोजन ना! मागच्या दाराने आली ते त्याले कशी दिसन?”

बेहिशोबी हवा! नळी सातशे रुपयांची होती. दिवा विझला तो आजतागायत विझलेलाच आहे.

मला बापलेकांपैकी कोणाला हरलेलं म्हणता येत नाही. मुलाच्या डब्याने सांगितलं की हिशोब जुळत नाही. बापाच्या कानाने सांगितलं की पैसा कुठून गळतो. चांगल्या बँकेत दोन्ही माणसं लागतात. एप्रिल २०१३ पासून ते तपासायचं खोबण आपल्याकडच्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं. कानाची सक्ती कोणी केलेली नाही. मिस्त्रींनंतर ती शिटी कोणाला ऐकू येईल हे मला माहीत नाही. मुलगा आता बाप वाकला की शेजारी वाकतो, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

पुढे मी त्या नळीबद्दलही वाचलं. श्वासाचा जोर मोजायचं सुटसुटीत यंत्र १९५९ मध्ये इंग्लंडच्या बेसिल मार्टिन राइट यांनी प्रसिद्ध केलं. त्यात होतं काय? फुंकरीने सरकणारं एक फडकं. मोटारीच्या त्या फडक्याच्या चौदा वर्षं आधी! आणि आमची गाडी नुसती उभी राहून धडधडते तेव्हा मिनिटाला साधारण दीडशे लिटर हवा घेते. आईचा त्या रात्रीचा जोरही तेवढाच होता. दमा दोघींना एकच होता. गाडीची वायर काढून परीक्षा तरी करता आली.

आता सकाळी मी स्वयंपाकघरात जातो आणि ती फुंकत असताना काट्यासमोर उभा राहतो. दाढी नंतर. पहिल्या दिवशी ती रागावली. “माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

“तुझ्यावर आहे,” मी म्हटलं. “पण आई, ऑडिट आहे.”

तिने फुंकलं. एकशे नव्वद. मी वहीत एकशे नव्वद लिहिलं आणि चेहरा उतरू नये म्हणून खिडकीबाहेर गाडीकडे पाहत राहिलो.

“बघ, उतरला,” आई म्हणाली.